दीप उजळणारे हात : वार्धक्यातील नैराश्य आणि शुश्रूषेचे मोल

कोलकात्याच्या पूर्वेला, राजारहाटच्या शेतांवर आणि तळ्यांवर वसलेले न्यू टाउन हे तसे तरुणांचे नगर. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये आणि हाकेच्या अंतरावर विमानतळ. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'हिडको' या शासकीय महामंडळाने या नगराची आखणी केली, तेव्हा डोळ्यांसमोर होता तो नव्या शतकातील नोकरदार. पण नगर वाढते, तसे त्यातील माणसांचे वयही वाढते. ज्यांच्यासाठी ही घरे घेतली, ती मुले त्याच विमानतळावरून परदेशी गेली आणि मागे राहिले ते आईवडील. म्हणूनच आज या तरुण नगरात ज्येष्ठांसाठी 'स्नेहोदिया' हे निवासस्थान आहे आणि 'स्वप्न भोर' हे खास ज्येष्ठांचे उद्यानही आहे. बंगालीत 'भोर' म्हणजे पहाट. आयुष्याच्या सायंकाळी आलेल्या माणसांच्या बागेला पहाटेचे नाव देणाऱ्याची रसिकता वाखाणण्यासारखी आहे.

परंतु काही घरांत ही पहाट उगवतच नाही.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. असंख्य कुटुंबांच्या अनुभवातून उभे राहिलेले ते एक प्रातिनिधिक चित्र आहे. नवव्या मजल्यावर राहणारे एक मराठी दांपत्य. काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. बदलीच्या निमित्ताने कोलकात्यात आले आणि मुलाच्या नोकरीमुळे इथेच स्थिरावले. पुढे मुलगा परदेशी गेला. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात अधूनमधून जावे, सकाळी फिरून यावे, दुपारी शब्दकोडे सोडवावे, असा काकांचा नेम. तो हळूहळू सुटला. आधी फिरणे थांबले, मग वर्तमानपत्र घडीही न मोडता पडून राहू लागले. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. एके दिवशी काका म्हणाले, "आपल्या खात्यात आता काही उरलेलं नाही. उद्यापासून स्वयंपाक थोडाच कर." काकूंनी पासबुक आणून समोर धरले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या खात्यांचा मेळ घातला, त्याने स्वतःच्या खात्यातील शिल्लक वाचली आणि मान हलवली. "हे खरं नाही," एवढेच ते बोलले. पुढच्या आठवड्यात त्यांनी जेवण सोडले. मग पाणीही.

वार्धक्य नव्हे, आजार

"वय झालं, चालायचंच" या तीन शब्दांनी आपल्या समाजात जेवढी हानी केली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने केली असेल. उतारवयात थोडी उदासी येणे निराळे आणि तीव्र नैराश्य निराळे. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठ वर्षांवरील सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. मात्र आपल्याला या आजाराचे निदान झाले आहे, असे सांगणारे एक टक्काही नव्हते. म्हणजे आजार असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांच्या घरी आजार आहे, पण त्याला नाव नाही.

वृद्धांमध्ये हा आजार वेष पालटून येतो. रडू येण्याऐवजी पाठ दुखते, पोट साफ होत नाही, छातीत धडधडते. विस्मरण इतके वाढते की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका यावी. काही रुग्णांत तो भ्रमाचे रूप घेतो. आपण कंगाल झालो, आपल्या हातून महापाप घडले, आपली आतडी सुकून गेली, अशी त्यांची पक्की खात्री होते. दारिद्र्याचा हा भ्रम पासबुक दाखवून जात नाही, कारण तो हिशेबातील चूक नसून मेंदूच्या आजाराचे लक्षण असतो.

अशा अवस्थेत गोळ्यांचा परिणाम दिसू लागण्यास लागणारे काही आठवडे फार लांब ठरतात. अन्नपाणी सोडलेल्या एकाहत्तर वर्षांच्या शरीराजवळ तेवढा वेळ नसतो. शुष्कता, क्षारांचा असमतोल, अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमा, पायांच्या शिरांत साकळणारे रक्त आणि आत्मघाताचा धोका असे सारेच दाराशी येऊन थांबलेले असते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ जो उपाय सुचवितात, त्याचे नाव ऐकताच घरातील माणसांच्या काळजाचा ठोका चुकतो. तो उपाय म्हणजे विद्युत आक्षेप उपचार. डॉक्टर त्याला ई.सी.टी. म्हणतात, तर लोक 'शॉक'.

भीतीचा उगम

या भीतीला इतिहास आहे. १९३४ मध्ये बुडापेस्ट येथे लाडिस्लास मेडुना यांनी औषधाने आकडी आणून मनोविकारावर उपचार करण्याचा प्रयोग केला. १९३८ च्या एप्रिलमध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी त्यासाठी प्रथम विजेचा वापर केला. पाच वर्षांत ही पद्धत भारतात पोहोचली. रांचीच्या मनोरुग्णालयात १९४३ मध्ये ती सुरू झाली. त्या काळी हा उपचार रुग्ण जागा असतानाच होई. झटक्याने दात तुटत, मणक्याची हाडे मोडत. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी स्नायू शिथिल करणारे औषध आणि भूल यांची जोड मिळाली आणि उपचाराचे स्वरूपच पालटले. तरी जुनी पद्धत अनेक ठिकाणी रेंगाळली, आणि चित्रपटांनी तीच लोकांच्या मनावर कोरली. पडद्यावर हा उपचार बहुधा शिक्षा म्हणूनच आला.

आपल्या देशात या प्रश्नाचा निकाल कायद्याने लावला. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांच्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे. तातडीचा उपाय म्हणूनही तो करता येत नाही; आधी रीतसर संमती हवी. ही संमती प्रथम रुग्णाची स्वतःची. आजारामुळे निर्णय घेणे त्याला शक्य नसेल, तर त्याने नेमलेला नामनिर्देशित प्रतिनिधी त्याला साहाय्य करतो. आपण आजारी पडल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे निरोगी असतानाच लिहून ठेवण्याचा अधिकारही याच कायद्याने दिला आहे.

आणि परिणाम? अमेरिकेतील काही रुग्णालयांनी मिळून साठ वर्षांवरील २४० नैराश्यग्रस्तांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ई.सी.टी. आणि त्यासोबत औषध यांमुळे त्यांपैकी सुमारे ६२ टक्के रुग्णांची लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली. वृद्ध रुग्णांना या उपचाराचा गुण तरुणांपेक्षा अधिक येतो, असा अनेक तज्ज्ञांचा अनुभव आहे. निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करून २०१७ मध्ये झालेल्या आढाव्यात मृत्यूचे प्रमाण एक लाख उपचारांमागे सुमारे दोन इतके अल्प आढळले. अर्थात, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, मेंदूत रक्तस्राव किंवा गाठ असेल, तर धोका वाढतो आणि निर्णय अधिक सावधपणे घ्यावा लागतो.

कोलकात्याची परिचारिका

मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा विचार कोलकात्याला नवा नाही. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये येथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकार विभाग सुरू केला. हेच महाविद्यालय पुढे आर. जी. कर या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी तसाच विभाग उघडला. १९४० मध्ये बोस यांच्याच प्रयत्नांतून लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले.

बंगालने मनोरुग्णांच्या परिचारिकेला कथेतही स्थान दिले. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या कथेवरून दिग्दर्शक असित सेन यांनी १९५९ मध्ये 'दीप ज्वेले जाई' हा बंगाली चित्रपट काढला. त्यातील परिचारिका राधा सुचित्रा सेन यांनी साकारली. त्याच दिग्दर्शकाने पुढे हिंदीत 'खामोशी' केला आणि ती भूमिका वहिदा रेहमान यांनी अजरामर केली. रुग्णाला बरे करता करता स्वतःच कोलमडणारी ही परिचारिका रसिकांच्या डोळ्यांत पाणी आणते. प्रत्यक्षातील शुश्रूषेची रीत मात्र वेगळी आहे. तिथे माया हवी, पण तिला शिस्तीचा बांध हवा. तिथे त्यागापेक्षा नोंदवहीला, अश्रूंपेक्षा दर पंधरा मिनिटांनी मोजलेल्या नाडीला अधिक मोल असते.

आदल्या दिवशीची तयारी

काका रुग्णालयात दाखल झाल्यावर पहिले चार दिवस विजेचा विषयही निघत नाही. आधी शिरेतून द्रव, मग चमच्या-चमच्याने पातळ पेज. किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली, याचे टिपण परिचारिका ठेवते. रक्त, क्षार, साखर, ई.सी.जी., छातीचे क्ष-किरण चित्र असे सारे तपासले जाते. हाडे ठिसूळ आहेत का, दात हलतात का, डोळ्यांना काचबिंदू आहे का, हृदयात पेसमेकर आहे का, याची विचारपूस होते. झोपेच्या काही गोळ्यांमुळे उपचाराचा परिणाम उणावतो, तर काही औषधांमुळे नंतरचा गोंधळ वाढतो. म्हणून घरून आणलेली प्रत्येक पुडी परिचारिका डॉक्टरांना दाखविते. आयुर्वेदिक चूर्णही त्यातून सुटत नाही.

संमतीपत्रकावर सही घेणे ही डॉक्टरांची जबाबदारी. पण डॉक्टर निघून गेल्यावर खरा प्रश्न विचारला जातो तो परिचारिकेला. काकू हळूच विचारतात, "सिस्टर, यांना दुखेल का हो?" इथे परिचारिकेने खोटा दिलासा देऊ नये, असे तिचे शिक्षण सांगते. ती म्हणते, "भूल दिल्यावर त्यांना काही कळणार नाही. उठल्यावर डोकं दुखेल, अंग दुखेल, थोडा वेळ काही सुचणार नाही. मागचं काही आठवणारही नाही कदाचित. पण मी तिथे असेन." ती काकांशीही बोलते. ते उत्तर देत नाहीत, तरी बोलते. कारण नैराश्याने मौन झालेला माणूस बहिरा झालेला नसतो. संमती दिलेला रुग्ण कोणत्याही टप्प्यावर नकार देऊ शकतो, हेही ती स्पष्ट करते.

ही परिचारिका बंगाली, काका मराठी. काकूंकडून ती चार शब्द लिहून घेते : पाणी, दुखतंय, घाबरू नका, काकू इथेच आहेत. कागदाचा हा चिटोरा ती गणवेशाच्या खिशात ठेवते. भुलेतून जागा होताना माणसाला जी भाषा आधी उमगेल, ती त्याची स्वतःची असण्याचा संभव अधिक, एवढा साधा विचार त्यामागे असतो.

ती सकाळ

रात्रीपासून काका उपाशी आहेत. अन्न साधारण सहा ते आठ तास वर्ज्य. पाणी कुठवर द्यायचे, हे भूलतज्ज्ञ ठरवितात. रक्तदाबाची गोळी त्यांच्या सांगण्यानुसार पाण्याच्या एका घोटाबरोबर दिली जाते, मधुमेहाची बहुधा थांबविली जाते. मूत्राशय रिकामे करून घेणे, कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवणे, अंगठी उतरवून काकूंच्या हाती देणे, केसांतील तेल धुऊन टाकणे, ही कामे वरवर क्षुल्लक वाटतात. पण कवळी घशात सरकली तर श्वास अडतो आणि तेलकट त्वचेवर विद्युत्पट्टी नीट बसत नाही. चष्मा आणि श्रवणयंत्र मात्र ती शेवटच्या क्षणापर्यंत राहू देते. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्याची भीती दुप्पट होते.

उपचाराच्या खोलीत मनोविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका असतात. शिरेतून भूल दिली जाते आणि काही क्षणांत काका झोपी जातात. एका पायाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून बांधलेला असतो. स्नायू शिथिल करणारे औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आकडी आली की फक्त तेवढे पाऊल हलते आणि तिचा काळ मोजता येतो. दातांमध्ये रबरी ठोकळा, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. मग काही सेकंद मोजूनमापून दिलेला विद्युत्प्रवाह. आकडी साधारण वीस ते साठ सेकंद टिकते. तिची नोंद मेंदूच्या आलेखावरही होते. या वेळात नाडी आधी मंदावते आणि मग वेगाने धावू लागते, रक्तदाब चढतो. वृद्ध हृदयावर हाच ताण पडतो, म्हणून परिचारिकेची नजर पडद्यावरील आकड्यांवर खिळलेली असते. पडद्यावरच्या त्या भयंकर दृश्यांतले इथे काहीही घडत नाही. एक पाऊल थरथरते आणि थांबते, इतकेच.

जागे होण्याची वेळ

शुश्रूषेची खरी कसोटी यानंतर लागते. काकांना कुशीवर वळविले जाते, म्हणजे लाळ घशात न जाता बाहेर येईल. शोषणयंत्र हाताशी असते. श्वास, नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण ठरावीक अंतराने मोजले जाते. काही रुग्ण जागे होताना घाबरतात, हातपाय झाडतात, पलंगावरून उतरू पाहतात. त्यांना दाबून धरण्यापेक्षा शांत आवाज, मंद प्रकाश आणि ओळखीचा स्पर्श अधिक उपयोगी पडतो.

"मेशोमशाई," परिचारिका हाक मारते. कोलकात्यात मावशीच्या यजमानांना उद्देशून वापरला जाणारा हा शब्द परक्या ज्येष्ठालाही घरचा करून टाकतो. मग खिशातला चिटोरा काढून ती आपल्या बंगाली उच्चारात वाचते, "घाबरू नका. काकू इथेच आहेत." ती त्यांना चष्मा घालते, श्रवणयंत्र लावते, आणि आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत, हे पुन्हा पुन्हा सांगते. गिळता येते आहे याची खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही देत नाही. उभे करण्याआधी पलंगाच्या कडेला काही मिनिटे बसविते आणि बसल्यावरचा रक्तदाब पाहते. कारण या वयात एक पडणे म्हणजे खुब्याचे हाड आणि खुब्याचे हाड म्हणजे महिनोन्महिने अंथरूण. लघवी अडली आहे का, डोकेदुखी किती आहे, दिवस सरताना गोंधळ निवळतो आहे की वाढतो आहे, ही सारी टिपणे पुढच्या उपचाराची मात्रा आणि उपचारांतील अंतर ठरविण्यास उपयोगी पडतात. वृद्धांमध्ये गोंधळ अधिक वाटला, तर आठवड्यातील खेपा कमी करतात किंवा विद्युत्पट्ट्या डोक्याच्या एकाच, बहुधा उजव्या बाजूला लावतात.

साधारणपणे सहा ते बारा खेपांचा हा क्रम असतो. चौथ्या खेपेनंतर एका दुपारी काकांनी वरणभाताची थाळी स्वतःकडे ओढली. काकू काही बोलल्या नाहीत. परिचारिकेनेही त्या दिवशीच्या नोंदवहीत एवढेच लिहिले : दुपारचे जेवण, स्वतःच्या हाताने, अर्धे.

स्मृतीचा प्रश्न

या उपचाराची किंमत स्मृतीच्या रूपाने मोजावी लागते, हे लपवून ठेवणे योग्य नाही. उपचाराच्या काळातील आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतील वा महिन्यांतील घटना पुसट होतात. नवे काही लक्षात ठेवण्याची अडचण बहुधा काही आठवड्यांत दूर होते. पण जुन्यांपैकी काही आठवणी कायमच्या हरवू शकतात. नातवाचा एखादा वाढदिवस, एखादा प्रवास, शेजाऱ्याचे नाव. दुसऱ्या बाजूला, नैराश्यामुळेच मंदावलेली एकाग्रता आजार ओसरल्यावर पुष्कळांत सुधारते. म्हणून उपचाराआधी, मध्ये आणि नंतर स्मृतीची छोटी चाचणी घेऊन गुणांची तुलना केली जाते.

घरच्यांसाठी परिचारिका एक साधी युक्ती सांगते. एक वही करावी. रोज काय घडले, कोण भेटले, कोणाचा फोन आला, ते दोन ओळींत लिहावे. रुग्ण विसरला तर "अहो, सांगितलं होतं ना!" असे म्हणू नये, वही पुढे करावी. विसरल्याची लाज ही विसरण्यापेक्षा अधिक बोचते.

घरी परतल्यावर

रुग्णालयाचा निरोप घेणे म्हणजे आजाराचा निरोप घेणे नव्हे. पुढील उपचार थांबविले, तर पहिल्या सहा महिन्यांत आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. म्हणून औषधे चालू ठेवावी लागतात आणि काही रुग्णांना अंतराअंतराने ई.सी.टी.ही घ्यावे लागते. आणखी एक सावधगिरी फारशी कोणाला ठाऊक नसते. मन सावरण्याआधी शरीरात शक्ती परत येते. आतापर्यंत उठूही न शकणारा रुग्ण हिंडूफिरू लागला म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याला एकटे सोडणे धोक्याचे ठरू शकते. गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा आणि मनात काय चालले आहे, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने वाईट विचार मनात येत नाहीत. ते बोलून दाखविण्यास वाट मिळते.

सांभाळणाऱ्यालाही कोणी सांभाळावे लागते. तीन महिने अर्धवट झोपलेल्या काकूंचा रक्तदाब कोणी मोजला होता का? चांगली परिचारिका हा प्रश्नही विचारते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाप्रमाणेच अशा आप्तांसाठीही आहे. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठी, बंगालीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

२०१६ च्या 'कासव' या मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या कलाकृतीने नैराश्याचा विषय मराठी घरांत बोलण्याजोगा केला. ती चर्चा आजीआजोबांच्या खोलीपर्यंत पोहोचणे अद्याप बाकी आहे.

बँकेच्या व्यवहारांविषयी थोडेसे

या आजाराचा बँक-व्यवहारांशी निकटचा संबंध आहे. उपचार सुरू असताना आणि त्यानंतर काही आठवडे मोठे आर्थिक निर्णय घेऊ नयेत, असा सल्ला डॉक्टर देतात. घर विकणे, मुदतठेवी मोडणे, मृत्युपत्र बदलणे, कोणास जामीन राहणे, हे सारे पुढे ढकलावे. वीज, पाणी, विमा यांचे हप्ते आधीच स्थायी सूचना देऊन खात्यातून परस्पर जातील अशी व्यवस्था करावी. ठेवी, लॉकर आणि विमापत्रे यांची यादी करून ती विश्वासू व्यक्तीस दाखवून ठेवावी. ए.टी.एम.चा गुप्त क्रमांक विसरला, तर नवा क्रमांक घेता येतो. तो कार्डावर लिहून ठेवणे किंवा फोनवरील अनोळखी व्यक्तीस सांगणे मात्र केव्हाही टाळावे.

खाते दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही' या पद्धतीने चालणारे असले, तर अडचणीच्या काळात औषधपाण्यासाठी पैसे अडून राहत नाहीत. सर्वसाधारण मुखत्यारपत्र हे देणाऱ्याची निर्णयक्षमता हरपल्यास कायद्याने निष्प्रभ होते, हे पुष्कळांना माहीत नसते. नामनिर्देशन केलेले नसेल तर ते करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना घरपोच प्राथमिक बँकसेवा मिळाव्यात, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिले. सही करणे अशक्य झालेल्या आजारी खातेदारास दोन साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून पैसे काढता येतात. त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. आरोग्य विम्याबाबत मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागविण्याचे बंधन २०१७ च्या अधिनियमाने विमा कंपन्यांवर घातले आहे. तरी विमापत्रातील अटी आधी वाचून घेणे शहाणपणाचे.

काउंटरपलीकडे बसलेल्या कर्मचाऱ्यांनाही येथे काही करता येण्याजोगे आहे. नेहमी नीटनेटके येणारे ज्येष्ठ ग्राहक अचानक गबाळे दिसू लागले, एकाच दिवशी तीनदा शिल्लक विचारू लागले, सर्व ठेवी मोडण्याची घाई करू लागले, किंवा दर महिन्याला येणारे येईनासे झाले, तर त्याची दखल घ्यावी. रोगनिदान करणे हे बँकेचे काम नव्हे. पण "बसा काका, पाणी घ्या, घरी सगळं ठीक ना?" एवढे विचारण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नसते. आणि मनोविकारावर उपचार घेतलेला ग्राहक हा व्यवहारास अपात्र ठरत नाही, याचेही भान ठेवावे. आजार बरा झालेल्या माणसाला पुन्हा पूर्वीसारखे ग्राहक म्हणून वागविणे, हाही त्याच्या उपचाराचाच एक भाग आहे.

पहाट

आपल्या चित्रातील काका आता घरी आहेत. दहा खेपा झाल्या. गेल्या दुर्गापूजेतील काहीच त्यांना आठवत नाही. काकूंच्या वहीत ते लिहिलेले आहे. सकाळी दोघे मिळून उद्यानापर्यंत चालत जातात. गोळ्या चालू आहेत, पुढच्या तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिलेली आहे. परिचारिकेचे नाव काकांना कधीकधी आठवत नाही, पण तिने आपल्या उच्चारात म्हटलेले "घाबरू नका" ध्यानात आहे, असे ते सांगतात.

एका सोमवारी त्यांनी काकूंकडे पासबुक मागितले. काकूंच्या छातीत धस्स झाले. काकांनी चष्मा लावला, शेवटचे पान उघडले, बोटाने एकेक ओळ तपासत खाली आले आणि कपाळाला आठी घालून म्हणाले, "तीन महिने नोंदच केलेली नाही. चल, बँकेत जाऊन येऊ. व्याज जमा झालं असेल."

काकूंनी पायांत चपला सरकवल्या. लिफ्टची वाट पाहताना त्यांनी डोळे पुसले, ते काकांच्या लक्षात आले नाही. ते पासबुकातील बेरीज पडताळून पाहण्यात गर्क होते.